हॉटेलवाल्यांना खुलं पत्र: आमच्या बाबांची गोष्ट अर्धीच राहिली

हॉटेलं चालवणाऱ्या सगळ्या मालकांना, मॅनेजर लोकांना आणि हॉटेलांचं इंटिरियर करून देणाऱ्या मंडळींना,

नमस्कार.

आधीच सांगते, मी खादाड बाई आहे. मला आयुष्यातल्या तारखा जेवणांवरून आठवतात. धाकट्या भावाला शेवटच्या परीक्षेत किती टक्के पडले ते विचाराल तर मला सांगता येणार नाही, पण त्या संध्याकाळी आम्ही कुठल्या टेबलावर बसलो होतो, सूपवर मिरपूड जास्त पडली म्हणून आईनं आपला बाउल त्याला देऊन त्याचा कसा घेतला आणि बाबा बिल देताना किती वेळ सुटे शोधत होते, हे सगळं मी तुम्हाला आत्ता सांगू शकते. तर असली बाई जेव्हा हॉटेलवाल्यांवर चिडते तेव्हा प्रकरण जरा गंभीर आहे असं समजा.

मागच्या महिन्यात बाबांना ७८ पूर्ण झाली. ताई म्हणाली, आपण लहानपणापासून जिथे जायचो तिथेच जाऊया. नाव लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या त्यांची नाहीये, गेल्या काही वर्षांत मी जिथे जिथे गेले तिथे थोड्याफार फरकानं हेच आहे, आणि दुसरं म्हणजे खाल्ल्या मिठाला जागायला हवं. तर गेलो. दारातच कळलं की रिनोव्हेशन झालंय. पूर्वी भिंतीला लागून सोफे होते, त्यातल्या कोपऱ्यातल्या सोफ्याचं रेक्झिन एका जागी फाटलेलं होतं आणि भाऊ दर वेळी तिथे बसून बोटानं आतला स्पंज उकरायचा, इतका की मोठा होईपर्यंत तिथे मुठीएवढा खड्डा झाला होता. वेटरकाका बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, फक्त स्पंजचे तुकडे उचलून ट्रेमध्ये टाकायचे. ते सोफे गेलेत. आता उघडी सिमेंटची भिंत आहे, काचा आहेत, वर लोखंडी पाइप दिसतात आणि खाली उंच उंच स्टुलं. बाबा त्या स्टुलाकडे बघून म्हणाले, "हे बसायचं आहे की चढायचं?" आम्ही हसलो. पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

आता ती गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही मी एवढं का लिहितेय ते.

आमच्या बाबांची एक गोष्ट आहे. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात त्यांनी आजीला हॉटेलात नेलं. आजी जन्मात कधी बाहेर जेवली नव्हती. जेवण झालं आणि बाबा बिलाची वाट बघतायत तोवर आजीनं सगळ्या प्लेटा एकावर एक रचल्या आणि निघाली आत, घासायला. वेटर आडवा आला. तो म्हणतोय आजी द्या इकडे, आजी म्हणतेय अरे उष्टं असं टाकून जातात का, आणि दोघांच्या मध्ये प्लेटांची ओढाओढ. तो आवाज ऐकून आतून आचारी बाहेर आला. त्याला बघून आजीनं प्लेटा सोडल्या आणि शांतपणे सांगितलं की रश्शात मीठ कमी होतं. त्यावर तो आचारी म्हणाला, "आजी, उद्यापासून तुम्हीच या."

एवढीच गोष्ट. पण ती बाबा घरी कधी सांगत नाहीत. कधीच नाही. फक्त हॉटेलात, सूप आलं की सुरू करतात, आजीचा आवाज वेगळा, वेटरचा वेगळा, आणि दर वेळी त्यात काहीतरी नवीन घुसतं. एकदा प्लेटा सहा होत्या, एकदा नऊ. शेवटचं वाक्य आधी आम्ही तिघं भावंडं एका सुरात म्हणायचो, आता भाचे मंडळी म्हणतात. आजीला जाऊन कित्येक वर्षं झाली, भाच्यांनी तिला पाहिलेलंही नाही, पण त्यांना ती कशी बोलायची ते माहितीये, ते ह्या गोष्टीमुळेच.

त्या दिवशी सूप आलं. बाबांनी सुरुवात केली. डोक्यावर स्पीकर, त्यात कुठलं तरी धाडधाड म्युझिक, शेजारच्या टेबलावर दहा जण. प्लेटांच्या ओढाओढीपर्यंत गोष्ट आली आणि धाकटी भाची म्हणाली, "काय?" बाबांनी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, "काय आजोबा?" बाबा तिच्याकडे बघून हसले, हात हलवला आणि म्हणाले, "काही नाही, जेवा." आणि सूप प्यायला लागले. शेवटचं वाक्य कोणी म्हटलंच नाही.

तेव्हा ठरवलं की लिहायचं.

पहिली तक्रार अर्थात आवाजाची. म्हातारपणी ऐकू कमी येतं म्हणजे सगळंच हळू ऐकू येतं असं नसतं हो, आधी जातात ते बारीक उंच आवाज, म्हणजे स, फ, त असली व्यंजनं. स्वर ऐकू येतात. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. त्यात मागे गोंगाट असला की संपलं. कानातलं मशीन लावलं तरी फार उपयोग होत नाही, कारण ते नातीच्या आवाजाबरोबर शेजारच्या टेबलाचा खिदळाटही मोठा करून देतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल सांगतो की साठीच्या पुढच्या चारांतल्या एकाला तरी रोजच्या व्यवहारात अडेल इतकं कमी ऐकू येतं. म्हणजे आजीआजोबांना घेऊन आलेलं कुठलंही टेबल बघा, तिथे कोणीतरी नुसतं मान डोलावत बसलेलं असणार. मी त्या दिवशी बाबांना बघितलं, आम्ही हसलो की तेही हसत होते, अर्ध्या सेकंदानं उशिरा.

आणि हा गोंगाट सगळा गिऱ्हाइकांचा असतो असं म्हणू नका. सिमेंट, काच, लोखंड आवाज शोषतच नाहीत, आपटून परत पाठवतात. पडदे, गाद्या, सोफे, टेबलक्लॉथ हे सगळं आवाज खातं, आणि नेमकं तेच सगळं तुम्ही जुनाट दिसतं म्हणून काढून टाकलंत. मग वर म्युझिक लावलंत, मग आम्ही मोठ्यानं बोललो, मग आमच्यामुळे शेजारचे मोठ्यानं बोलले. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ साली हे लिहून ठेवलंय, की आजूबाजूला आवाज वाढला की माणूस न ठरवता आपोआप आवाज चढवतो. म्हणजे कोणी मुद्दाम ओरडत नाही तरी तासाभरात सगळं हॉटेल ओरडत असतं. जाता जाता, तुमची पोरं त्यात रोज आठ-आठ तास उभी असतात. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि एका प्रचलित हिशेबानं त्यावर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्म्यावर येते. आम्ही दीड तासात सुटतो, ती कुठे जाणार?

चवीचं पण सांगते, कारण शेवटी मी त्यासाठीच येते. मोठ्या आवाजात गोड आणि खारट कमी लागतं असं २०१० च्या आसपास प्रयोग करून बघितलंय लोकांनी. म्हणजे तुमचा आचारी आत जीव तोडून मीठ बरोबर घालतोय आणि बाहेर तुमचा स्पीकर ते काढून घेतोय. आमच्या आजीला हे कळलं असतं तर ती तडक स्पीकरकडे गेली असती.

दुसरं, मेनूकार्ड. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आमच्या लहानपणी मेनूकार्ड एकच यायचं, प्लॅस्टिक चढवलेलं, कोपरे वळलेले, कधीतरी कोणाच्या तरी रश्शाचा डाग पडलेलं. ते बाबांच्या हातात जायचं. बाबा ते उजवीकडून वाचायचे. मला फार वर्षं वाटायचं की मोठी माणसं असंच वाचतात, आधी उजवीकडचा आकडा आणि मग डोळे सरकत सरकत डावीकडे पदार्थाच्या नावावर. कधी कधी डोळे अर्ध्या वाटेतूनच परत यायचे आणि एक ओळ खाली उतरायचे. मी पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून सगळ्यांना जेवायला नेलं तेव्हा कार्ड माझ्या हातात आलं आणि मी बघते तर काय, मी पण उजवीकडून वाचतेय. त्या दिवशी मला बाबा जेवढे कळले तेवढे आधी कधी कळले नव्हते. असो. तर ते कार्ड हातात धरून बाबा एकेकाला विचारायचे, तुला काय? तुला? उत्तरं त्यांना पाठ होती. भाऊ हिरवं काही खाणार नाही, ताई सगळ्यांचं ठरल्यावर बदलणार, आई म्हणणार "मला काही वेगळं नको, तुमच्यातलंच घेईन थोडं" आणि सगळ्यात जास्त तीच खाणार. तरी विचारायचे. ते विचारणं म्हणजेच अर्धं जेवण होतं.

आता टेबलावर एक चौकोनी ठिपक्यांचा स्टिकर आहे. क्यूआर कोड. हा १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढला. चांगली वस्तू आहे, माझं काही भांडण नाही, पण आम्ही सुटे भाग नाही आहोत. त्या दिवशी सात जणांनी सात फोन काढले आणि सहा-सात मिनिटं कोणी कोणाकडे बघितलं नाही. बाबांच्या फोनवर तो मेनू उघडला, तर अक्षर मुंगीएवढं. दोन बोटांनी मोठं करायला गेले तर पानच सरकलं, मग कुठलं तरी अ‍ॅप घ्या असं आलं, मग त्यांनी फोन उलटा ठेवून दिला. भाऊ म्हणाला, "बाबा, तुमचं मी सांगतो." चांगल्या मनानंच म्हणाला. पण ज्या माणसानं आयुष्यभर आमच्या सगळ्यांच्या ऑर्डरी दिल्या त्याची ऑर्डर आम्ही परस्पर दिली, ते पण त्याच्या वाढदिवसाला. वेटरला विचारावं तर तो म्हणाला, "सर, सगळं स्कॅन केलं की दिसेल." छापील कार्ड आहे का म्हटलं, तर नाही.

उजेडाचंही ह्यातच घेते. साठीच्या माणसाच्या डोळ्यात, बाहुली बारीक होते आणि भिंग पिवळसर होतं त्यामुळे, विशीच्या पोराच्या साधारण एकतृतीयांश उजेड आत पोचतो असं डोळ्यांचे लोक सांगतात. तुम्ही जो रोमँटिक मंद पिवळा दिवा लावलाय तो आमच्या बाबांसाठी लोडशेडिंग आहे. मासा असेल तर काटा दिसत नाही, सांगा आता.

बसायचं तर विचारूच नका. पाठ नसलेलं उंच स्टूल, पाय लटकते, आईचा गुडघा. आईनं एक हात टेबलाला धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं जेवली, पूर्ण वेळ. साधी खुर्ची मागितली तर म्हणाले बाहेर वेटिंगची आहे ती आणून देतो. आणली बिचाऱ्यानं. पण टेबल उंच आणि खुर्ची बुटकी, आईची हनुवटी टेबलाला लागायला आली. ती परत स्टुलावर चढली.

आणि वेळ. बुकिंग दीड तासाचं. मुख्य जेवण यायलाच पाऊण तास गेला, आणि ज्या क्षणी आइस्क्रीम आलं त्याच क्षणी बिलही आलं, एकाच ट्रेमध्ये. आमच्याकडे आइस्क्रीम एक मागवायचं आणि जितकी माणसं तितके चमचे अशी पद्धत होती. त्यात कोणाचा चमचा मोठा, कोण चेरी आधी उचलतं, शेवटचं वितळलेलं दूध वाटी तोंडाला लावून कोण पितं (आई), ह्यावर वीस मिनिटं आरामात जायची. ह्या वेळी भावानं बिल भरेपर्यंत दुसरं कुटुंब आमच्या पाठीशी येऊन उभं. त्यांच्यातही एक आजोबा होते, काठी घेऊन उभे. मला त्यांचा राग येईना आणि आइस्क्रीम गिळवेना.

मला कळतं तुमची बाजू. जागेचं भाडं आहे, माणसं मिळत नाहीत, टेबल जितक्या वेळा फिरेल तितकं चांगलं. आणि खरं सांगू, मैत्रिणींबरोबर मी पण अशा धांगडधिंग्यात जाते आणि मला मजा येते. सगळी हॉटेलं वाचनालयासारखी करा असं कोण म्हणतंय? पण एक गोष्ट बघा, तुमच्याच फायद्याची. रोनाल्ड मिलिमन नावाच्या प्राध्यापकानं एका रेस्टॉरंटमध्ये म्युझिकचा वेग बदलून बघितला, १९८६ साली ते छापून आलं. संथ म्युझिकला लोक सरासरी ५६ मिनिटं बसले, वेगवान लावल्यावर ४५. जेवणाच्या बिलात म्हणावा तसा फरक नाही, पण संथ वाजत असताना पेयांवर लोकांनी जास्त खर्च केला. म्हणजे धाडधाड लावून तुम्ही अकरा मिनिटं वाचवता आणि गिऱ्हाईक दुसरा ग्लास न मागता उठतं. हिशेब तुम्हीच करा.

शिवाय तुमच्या धंद्याची सुरुवातच मुळी उलटी आहे. रेस्टॉरंट हा फ्रेंच शब्द, आधी त्याचा अर्थ होता अंगात ताकद आणणारं सूप. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये असलं सूप देणारी दुकानं निघाली. त्याआधी खानावळीत एकच लांब टेबल, ठरलेली वेळ, जे शिजलंय ते खा आणि उठा. ह्या नव्या दुकानांनी काय दिलं तर स्वतःचं वेगळं टेबल, हवं तेव्हा या, आणि हातात यादी, किमतीसकट, त्यातून तुम्ही निवडा. लोक वेडे झाले त्यासाठी. ह्यातलं यादी गेली, वेळ गेली, आणि टेबल राहिलंय त्यावर आईची हनुवटी.

वेटरकाकांचं राहिलं. ते आता नाहीत तिथे, रिटायर झाले असतील. गरम लोखंडी तव्यावरचा सिझलर ते आणायचे तेव्हा स्वयंपाकघराच्या दारापासूनच चर्र आवाज सुरू व्हायचा, सगळं हॉटेल मान वळवून बघायचं आणि आम्ही ताठ बसायचो, आमचाच आहे म्हणून. धूर आमच्यावर यायचा, बाबांच्या चष्म्यावर वाफ, काकांचं ठरलेलं "हात लावू नका, हात लावू नका", आणि तो वास केसांत दुसऱ्या दिवशीपर्यंत. बाकी सगळी ज्ञानेंद्रियं मेंदूत आधी एका टपालखात्यातून जातात म्हणे, वास मात्र जवळजवळ थेट आठवणींच्या आणि भावनांच्या घरात शिरतो. मला त्याचा पुरावा नको. आजही कुठे कांदा लोखंडावर करपला की मी आठ वर्षांची असते आणि माझ्या डाव्या बाजूला भाऊ स्पंज उकरत असतो.

आता मागण्या. फार नाहीत.

छापील मेनूकार्ड ठेवा, चार तरी, मोठ्या अक्षरात. स्टिकर राहू दे तिथे, ज्याला हवं तो स्कॅन करेल. कार्ड मागितलं की कपाळाला आठ्या नकोत.

एक कोपरा शांत ठेवा. तिथला स्पीकर बंद म्हणजे बंद. छतावर आवाज शोषणारे पॅनेल लावा, नाही जमलं तर जाड पडदे, तेही नाही तर टेबलांच्या खालच्या बाजूनं फोम चिकटवा, तो दिसतही नाही, तुमचं इंटिरियर कुठे बिघडत नाही. अख्ख्या हॉटेलात नको असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी करा आणि बाहेर पाटी लावा. आम्ही त्या दिवशी येऊ.

त्या कोपऱ्यात पाठ असलेल्या खुर्च्या आणि त्यांना साजेशा उंचीची टेबलं. एक जागा व्हीलचेअर सरळ आत जाईल अशी, स्टोअररूममधून वळसा घालून नको. आणि वाचता येईल इतका उजेड, निदान ऑर्डर देईपर्यंत तरी.

वेळेची मर्यादा ठेवायचीच असेल तर जेवण टेबलावर आल्यापासून मोजा, आम्ही दारात आल्यापासून नको. आणि बिल मागितल्यावर आणा. आइस्क्रीमच्या ट्रेमध्ये तर नकोच नको.

इंटिरियरवाल्यांना एक वेगळी विनंती. डिझाइन मालकाला दाखवण्याआधी तुमच्या आईवडिलांना त्या स्टुलावर तासभर बसवा, वर म्युझिक लावा, आणि त्यांना दिवसभरात काय काय झालं ते विचारा.

पुढच्या महिन्यात आईचा वाढदिवस आहे. बाबा म्हणाले घरीच करू काहीतरी, उगाच कशाला. ताई गप्प बसली, मी पण. पण मी ह्या पत्राची एक प्रत आमच्या जुन्या हॉटेलात स्वतः नेऊन देणार आहे, आणि त्याच्याखाली बुकिंग लिहिणार आहे: सात जण, संध्याकाळी साडेसात, खाली पाय टेकतील अशा खुर्च्या, छापील कार्ड एक, ते बाबांच्या हातात द्यायचं. सूप आलं की दहा मिनिटं स्पीकर बंद ठेवा. गोष्ट प्लेटांच्या ओढाओढीपर्यंत आलेली आहे.

तुमची,
खूप जुनी गिऱ्हाईक